लाल पेनाची खूण

आमच्या शेजारच्या काकांइतका संशयी माणूस अख्ख्या लखनौत सापडायचा नाही. रेल्वेत असताना रुळांना गेलेले तडे शोधणं हे त्यांचं काम. निवृत्त होऊन रेल्वे वसाहतीलगत मानक नगरातच घर केलं, पण नजर काही निवृत्त झाली नाही. दूध नासलं तरी त्यांना दूधवाल्याचं कारस्थान दिसतं. माणसाशी बोलताना ते चेहऱ्याकडे बघतच नाहीत, हातांकडे बघतात. शिरा फुगलेल्या दिसल्या की हा नक्की काहीतरी लपवतोय, आणि अजिबात दिसल्या नाहीत तर यानं जन्मात काम केलेलं नाही. आलमबागच्या बाजारात एका भाजीवाल्याला त्यांनी भर उन्हात अडवलं, "भैया, इतनी नसें क्यों फूली हैं?" "बाबूजी, आलू का बोरा उठाए हैं, पहले उतरवा तो दीजिए," तो म्हणाला. काकांनी पोतं उतरवायला हात लावला, पण बटाटे दुसरीकडून घेतले.

यंदाच्या उन्हाळ्यात हा संशय घरात शिरला. काकूंच्या हातावर शिरा दिसू लागल्या. रुळाला तडा सापडला की त्याच्या टोकाशी रंगानं खूण करून तारीख घालतात, म्हणजे तो वाढला की कळतं. काकांनी तेच केलं. दर रविवारी काकूंचा हात हातात घ्यायचा, शिरेच्या टोकाशी लाल पेनानं रेघ मारायची, बाजूला तारीख. "बुद्धविहारातल्या बायका विचारून राहिल्या ना, हे काय म्हणून," काकू मला सांगत होत्या. "लग्नाला अडतीस वर्षं झाली, कधी हात धरला नाही या माणसानं." मी खो खो हसलो. काकांनी मला जिन्यात गाठलं. "हसू नको रे. तडा आवाज करत नाही. ही पण काही बोलत नाही. जेवण अर्ध्यावर आलंय तिचं." मला माझीच लाज वाटली.

मीच दोघांना डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. "अंकल, उम्र के साथ चमड़ी पतली होती है, नीचे की चर्बी घटती है, तो नसें दिखती हैं. गर्मी में और उभरती हैं, भूख भी कम लगती है." काकांना डॉक्टरच संशयास्पद वाटला. दुसऱ्यानं तेच सांगितलं, तेव्हा दोघांचं आधी फोनवर बोलणं झालं असणार असं त्यांनी ठरवलं. तिसऱ्यानंतर मात्र पेन टीव्हीमागे गेलं.

पुढच्या रविवारी मी चहाला गेलो तर काका नुसतेच बसलेले. करायला काही उरलं नव्हतं. काकूंनी पदराला हात पुसले, टीव्हीमागून पेन काढलं आणि हात त्यांच्यापुढे धरला.

"अहो, पाहा बरं, वाढली काय?"

काकांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "नाही वाढली," ते म्हणाले. "पण काही भरवसा नाही."

पेनाचं टोपण त्यांनी काढलं नाही. चहा निवला तरी हात मात्र सोडला नाही.