वंदनाताईंच्या अक्षता

सुरतेतल्या उधन्याहून आम्ही चालतच निघालो होतो. भेस्तानच्या यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येऊ लागला तशा वंदनाताई थांबल्या. पदराने तोंड पुसत म्हणाल्या, “गौरी, इतकी घरं फिरलो. सगळ्यांची ड्युटी नेमकी रविवारीच कशी गं?”

ताई कॉलेजात आम्हाला गृहविज्ञान शिकवायच्या. एक चूल धुळ्याकडे, दुसरी सुरतेत, तरी कुटुंब एकच कसं राहतं, हे त्या उभा जन्म खानदेशी घरांत बसून, तिथल्या बायकांबरोबर भाजी निवडता निवडता विचारत आल्या. देशोदेशीच्या कुटुंब-अभ्यासकांच्या संस्थेने त्यासाठी त्यांना जीवनगौरव पुरस्कार जाहीर केला होता. सत्कार येत्या रविवारी सुरतेतच होता. पहिल्या रांगेत ‘कुटुंबीय’ अशी चिठ्ठी लावून दोन खुर्च्या ठेवणार होते. ताईंनी लग्न केलेलं नाही, आईवडील गेलेले. त्या खुर्च्या रिकाम्या दिसतील, हाच त्यांना घोर. म्हणून त्या ओळखीच्या खानदेशी घरांना आम्ही बोलावत फिरत होतो.

शुभकार्याचं बोलावणं कोरडं नको म्हणून मी गणपतीपुढच्या कुंकवाच्या अक्षता बरोबर घेतल्या होत्या. ताई लाजून वाटू देत नव्हत्या. भेस्तानला उषाबाईंच्या घरी मात्र मी त्या बाईंच्या हातावर ठेवल्याच.

उषाबाईंनी अक्षता पाहिल्या, मग ताईंचे पिकलेले केस पाहिले. “अगं माय! नवरदेव कोठला शे?”

मी तोंड उघडायच्या आत त्या दारातून ओरडल्यासुद्धा, “सरलाबाई, या लवकर! मॅडमचं लग्न जमलं!”

गल्ली गोळा झाली. हसता हसता ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “नवरदेव नाही गं बाई. सत्कार आहे. हार, शाल, भाषणं.”

“हार एकच?”

“एकच.”

उषाबाई जरा हिरमुसल्या. मग कमरेला पदर खोचून म्हणाल्या, “मग तर यावंच लागेल. एवढ्या लोकांत पोरीला एकटी कोण धाडतं? नवरदेवाकडचं कुणी नसू दे, पोरीकडचे आम्ही.”

“अन् ड्युटी?” मी विचारलं.

“लग्नाला खाडा करतोच ना!” सरलाबाई म्हणाल्या. “चहा तरी ठेवतील का तिथं?”

आम्ही परत निघालो. मी मनात गणपतीला हात जोडले. रेल्वे फाटकापाशी त्यांनी माझा हात धरला.

“गौरी, एक काम करशील? मला मागायला संकोच वाटतो. उद्या आयोजकांना तू फोन कर. म्हणावं, दोन खुर्च्यांत आमचं भागणार नाही. पहिल्या दोन रांगा ठेवा, आणि प्रत्येक खुर्चीवर तीच चिठ्ठी लावा.”