झालेल्या गोष्टीबद्दल एक खरं वाक्य

माझ्या शिकवणीत एकच कडक नियम आहे: वाक्य खरं पाहिजे. अमका पॅरिसला गेला, तमकीने केक खाल्ला, असली पुस्तकी वाक्यं मी चालवून घेत नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बाबतीत घडलेलं सांगायचं. चुकलं तरी चालेल. खोटी वाक्यं डोक्यात टिकत नाहीत असा माझा अनुभव आहे, आणि दादरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, मी हा अनुभव बरीच वर्षं घेतो आहे. पूर्वी अकरावी-बारावीची मुलं यायची. मराठीपेक्षा फ्रेंचमध्ये मार्क जास्त पडतात म्हणून मराठी सोडून आलेली. मला त्यांचा राग यायचा, पण बोलायची सोय नव्हती, कारण परळच्या चाळीतून कॉलेजात गेल्यावर मीही फ्रेंच घेतलं ते मार्कांसाठीच. आता नर्स येतात, हॉटेलातले आचारी येतात, नवीन लग्न झालेली जोडपी येतात. सगळ्यांना कॅनडातल्या त्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात जायचं असतं.

सगळे गळपटतात ते स्युबजाँक्तिफ पासे या क्रियापदाच्या रूपापाशी. मी तो असा सांगतो. ‘ती आली’ ही नुसती बातमी झाली. पण ‘ती आली याचा मला आनंद झाला’, ‘ती आली असेल असं वाटत नाही’, ‘ती येऊन गेली की काय, अशी भीती वाटते’, यात तीच बातमी कोणाच्या तरी मनातून गाळून आलेली असते. आपल्या मराठी क्रियापदाला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. फ्रेंच क्रियापद मात्र लगेच रूप बदलतं. आधी एत्र किंवा आव्वार या दोन मदतनीस क्रियापदांपैकी एक निवडायचं, त्याचं हे मनातलं रूप वापरायचं, आणि त्याच्यामागे मूळ क्रियापदाचं भूतकाळी रूप जोडायचं. एवढंच आहे. पण एवढ्यासाठी माणसं महिनेच्या महिने घालवतात.

मदतनीस कोणता घ्यायचा, यासाठी मी स्वतःची एक युक्ती काढली आहे. ‘त्याने खाल्लं’, ‘तिने पाहिलं’, असा ‘ने’ लागला की आव्वार. ‘तो गेला’, ‘ती आली’, ‘तो पडला’, इथे ‘ने’ नाही, म्हणजे एत्र. युक्ती झकास चालते, फक्त झोपणे, हसणे, रडणे असल्या क्रियापदांपाशी साफ आपटते. मराठीत तिथे ‘ने’ लागत नाही, फ्रेंचमध्ये मात्र आव्वार लागतं. त्यामुळे माझे विद्यार्थी परीक्षेत ‘मी रडलो’ हमखास चुकवतात. ते वाक्य ऐकलं की परीक्षक म्हणे ओळखतात, हा दादरचा माल.

आणखी एक गंमत आहे. या रूपाला बहुतेक वेळा दोन माणसं लागतात. वाटणारा एक आणि करणारा दुसरा. ‘मी गेलो याचा मला आनंद आहे’ असं म्हणायला ते चालत नाही, तिथे भाषा सरळ दुसरा रस्ता धरते. ‘तू गेलास याचं मला वाईट वाटतं’ म्हटलं की मात्र ते हवंच. हे मी वर्गात खडू आपटून सांगत आलो. आमच्या घरात अशी वाक्यं कोणी कधी बोलत नाही, हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आम्ही मूळचे कोकणातले. वडील गिरणीत साचेखात्यात, मागावर होते. आमच्याकडे आनंद झाला तर तो सांगत नाहीत, मासे आणतात. मी पदवीची परीक्षा पास झालो तेव्हा वडील भलंमोठं पापलेट घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, ‘‘झिलाक मोठी तुकडी वाढ.’’ तेवढंच. वाईट वाटलं तरी मासेच. फक्त ते आणताना कोळणीशी घासाघीस करायची नाही, यावरून ओळखायचं. मला ही पद्धत आवडते. समोरच्याला अवघडायला होत नाही.

आमच्या मुलाने एका संध्याकाळी सांगितलं, की तो आणि सून दोघं कॅनडाला जायचं ठरवताहेत. मी म्हणालो, ‘‘छान.’’ आणि रविवारी बाजारात जाऊन अख्खी सुरमई घेऊन आलो. बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं आणि भाव विचारला. मी सांगितला. घासाघीस केलेली नाही हे ओळखून ती विळी काढायला आत गेली. मुलगा तुकड्यांमागून तुकडे खात राहिला.

त्यांना फ्रेंचची परीक्षा द्यायची होती. ‘‘बाबा, घरात मास्तर असताना बाहेर कशाला जायचं?’’ मुलगा म्हणाला. झालं. दर रविवारी सकाळी चहानंतर जेवणाच्या टेबलावर आमचा तास सुरू झाला. आपल्याच मुलाला घराबाहेर जायचा रस्ता आपणच शिकवायचा, हे काम मी नेटाने केलं. वाईट शिकवणं मला जमत नाही. मनात येऊन गेलं, नाही असं नाही. थोडं सावकाश घेतलं, एखादा धडा राहू दिला, तर काय होणार होतं? पण सून लालबागची, मसाल्याच्या गल्लीतली. फिजिओथेरपिस्ट आहे, माणसाचं कुठे दुखतंय ते तिला बोट ठेवल्यावर कळतं. मी एक रविवार टाळल्याबरोबर तिने विचारलं, ‘‘बाबा, बरं नाही का? की शिकवायचं नाहीये?’’ त्यानंतर मी एकही तास टाळला नाही.

बायको त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायची. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, ‘‘माझ्या घरात माझ्यासमोर मला कळणार नाही असं काही बोलायचं नाही.’’ म्हणून प्रत्येक वाक्याचं मराठी मी करून सांगायचो. सुनेचं पहिलं वाक्य होतं, ‘‘माझ्या आईने माझ्या लग्नात एकदाही भांडण केलं नाही यावर माझा विश्वासच बसत नाही.’’ बायको इतकी हसली, की तिला ठसका लागला. ‘‘हे बरंय हो तुमचं फ्रेंच,’’ ती म्हणाली.

मुलाचं मात्र पुढे सरकेना. तो गुळमुळीत वाक्यं करायचा. बस उशिरा आली याचं वाईट वाटलं. टीम हरली याचं वाईट वाटलं. रूपं सगळी बरोबर, पण माझा नियम तो धाब्यावर बसवत होता. एका रविवारी माझं डोकं फिरलं. बायको कोळंबी सोलत होती, सून कॉफी घेऊन बसली होती. मी म्हणालो, ‘‘परीक्षेत तोंडी प्रश्न विचारतील तेव्हा हे बसचं रडगाणं गाणार आहेस का? मनातलं काहीतरी सांग. झालेल्या गोष्टीबद्दल. खरं.’’

त्याने वही बाजूला सारली. मग म्हणाला. सावकाश, एकेक शब्द जुळवत. फ्रेंचमध्ये बापालाही ‘तू’च म्हणतात, हे मीच त्याला शिकवलं होतं. मराठीत तो मला जन्मात कधी ‘तू’ म्हणालेला नाही. तो म्हणाला, ‘‘तू मला कधीच राहा म्हणाला नाहीस, याचं मला वाईट वाटतं.’’

क्रियापद अचूक होतं. मदतनीस अचूक, नकार योग्य जागी. मी दुरुस्त करायला काहीतरी शोधत होतो आणि सापडत नव्हतं.

‘‘काय म्हणाला?’’ बायकोने विचारलं.

सून माझ्याकडे बघत होती. खोटं मराठी सांगितलं असतं, तर ते तिला कळलं असतं, आणि त्यालाही.

‘‘तो म्हणतोय,’’ मी म्हणालो, ‘‘बाबा, तुम्ही मला कधी राहा म्हणाला नाहीत, याचं मला वाईट वाटतं.’’

मराठीत ते भलतंच उघडं वाटलं. बायकोने हातातली कोळंबी खाली ठेवली. हात तसेच, ओले, टेबलावर टेकले. ‘‘मग मी म्हणते,’’ ती म्हणाली. ‘‘नको जाऊस. मला नकोय तू जायला. पहिल्या दिवसापासून नकोय.’’ मग पदराला हात पुसत म्हणाली, ‘‘आणि तरी तू जा. पण मला नकोय, हे तुला माहीत असू दे.’’

मुलाचे डोळे भरले. तिशी उलटलेला माणूस, आईच्या समोर, कोळंबीच्या ताटाशेजारी. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात फ्रेंच वाक्य तयार होतं, चांगलं गुळगुळीत. ते बोललो असतो तर सगळं वर्गातल्यासारखं झालं असतं आणि आम्ही पुढच्या धड्याला लागलो असतो. मी म्हणालो, ‘‘मलाही नकोय रे.’’ एवढं म्हणायलाही मला जड गेलं. आमच्या पिढ्यांमध्ये ते कोणी म्हटलेलं नव्हतं.

त्या दिवशी तास पुढे झाला नाही. कोळंबीचं कालवण झालं, भात झाला, आणि जेवताना मुलगा पहिल्यांदा कॅनडाबद्दल नीट बोलला. तिथे नोकरी मिळेल ना, याची त्याला भीती वाटत होती. थंडीची वाटत होती. आम्ही दोघं इथे म्हातारे होऊ आणि त्याला कळणारही नाही, याची सगळ्यात जास्त वाटत होती. इतके महिने तो आम्हाला फक्त आनंदाच्या गोष्टी सांगत होता, कारण आम्ही फक्त छान-छान म्हणत होतो. आपण नकोसे झालो की काय, असंही त्याला एकदा वाटून गेलं होतं. हे ऐकून मी पानावरून उठलो आणि उगाच पाणी पिऊन आलो.

परीक्षा दोघंही पास झाली. मुलाला तोंडीमध्ये सुनेपेक्षा जास्त मार्क पडले. मग कागदपत्रं, सामान, नातेवाइकांकडची जेवणं, सगळं भराभर होत गेलं.

विमानतळावर आत सोडत नाहीत, दाराबाहेरच निरोप द्यायचा असतो. सून बायकोच्या गळ्यात पडून मोकळेपणी रडली. मुलगा माझ्या पाया पडला आणि म्हणाला, ‘‘बाबा, निघतो.’’ अशा वेळी बोलायची वाक्यं आपल्याकडे ठरलेली असतात. नीट जा, जेवत जा, पोचल्यावर फोन कर. ती सगळी माझ्या तोंडाशी आली.

‘‘जाऊ नयेस असं वाटतंय,’’ मी म्हणालो.

‘‘माहितीये, बाबा,’’ तो म्हणाला, आणि ट्रॉली ढकलत आत गेला.