हुकूमबाई

हुकूमबाई कुणाच्या घरी पाहुणी म्हणून गेल्याचं मला आठवत नाही. दारात चप्पल काढली की ती थेट चुलीपाशी. लग्न असो, बारसं असो, बालाघाटच्या आमच्या वॉर्डातल्या बायका तिच्या एका शब्दावर कांदे चिरायला बसत. नाव शांता, पण त्या नावानं तिला फक्त तिचे यजमान हाक मारत.

यजमान भरवेलीच्या खाणीतून निवृत्त झालेले, अबोल. मूलबाळ नाही. घरात बोलणं होत नसे, म्हणून ती वॉर्डभर बोलायची. पुऱ्या लाटायला मला तिनंच शिकवलं. मी हिरमुसले की म्हणायची, "वाकडी चालते, बाई. फुगली पायजे."

मग तिला स्तनाचा कॅन्सर झाला. नागपूरला ऑपरेशन झालं, किमो झाल्या. डोक्यावरून घट्ट पदर घेऊन ती परतली, तेव्हा सगळ्यांनी तिला जिवापाड जपलं. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून ताट जायचं. एकदोन घरी तिचा कप वेगळा ठेवत, तेही तिला कळलं होतं; ते तिनं हसून सोडून दिलं. पण "तुम्ही आराम करा" हे ऐकलं की तिचा चेहरा उतरायचा.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात ती सकाळीच पदर खोचून आली. आईनं धावत जाऊन तिचा हात धरला आणि तिला मांडवात पंख्यासमोर बसवलं. ती उठली की बायका तिला मायेनं पुन्हा खुर्चीत बसवत. पहिलं ताट तिलाच वाढलं. मी जवळ गेले, तर ते तसंच होतं. काय झालं विचारलं, तेव्हा हळूच म्हणाली, "डाक्टरनं मले सहा महिने बसवलं होतं. तुमी तं कायमचंच बसवून राह्यले."

त्यानंतर ती कुणाच्या कार्याला आली नाही. यजमान एकटेच यायचे, जेवून निमूट जायचे.

पुढच्या हिवाळ्यात दुखणं हाडांत उतरलं. एका दुपारी आई मेथीच्या जुड्या घेऊन तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "माह्याकडून एकटीनं होत नाही." हुकूमबाई उशीला टेकून बसली. एक हात सुजलेला, तरी निवडू लागली. थोड्या वेळानं आईवर डाफरलीही, "काड्या काहून टाकून राह्यली भाजीत?" निम्मी भाजी तिथंच ठेवून आई घरी आली ती हसत. लसूणही नेईन म्हणाली.

पण त्याच आठवड्यात हुकूमबाईला दवाखान्यात हलवलं. तिथून ती आली नाही.

काही दिवसांनी यजमान आमच्या फाटकाशी आले. आत यायला नको म्हणाले. आईला एवढंच सांगितलं, "त्या दिवशीची मेथी तिनं मांगून खाल्ली, वहिनी."

आई पायरीवर बसून राहिली. वर्षभर आम्ही त्या घरी ताटं पोचवत होतो. निवडायला भाजी एकदाच नेली.