बारवेच्या तळाला आलेली रेंज

आधीच सांगून ठेवते — भूत, करणी, कौल, बाधा यातलं काहीही मी मानत नाही. हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. या सदरातले अनुभव वाचून मी संपादकांना दोनदा खरमरीत पत्रं पाठवलेली आहेत. त्यांनी ती छापली नाहीत, पण जपून ठेवली असतील तर आता त्यांना हसायला हरकत नाही.

आमच्या घरात मी पत्रकांवर वाढले. वडील नोकरी सांभाळून गावोगाव पत्रकं वाटायचे — बाबा-बुवांच्या विरोधात, पाण्याच्या हक्कासाठी, पोरींच्या शिक्षणासाठी. शाळेत जायच्या आधी मला पत्रकाची तिहेरी घडी घालता यायची. अक्षरओळखही त्यातूनच झाली. चमत्कार दिसला की पहिला प्रश्न विचारायचा, "कसा?" — हे वडिलांचं वाक्य मला अंगाईसारखं पाठ आहे.

आता मी आणि माझी मैत्रीण रेश्मा एका जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये राहतो. मागच्या सीट काढून दोन पलंग, गॅसची शेगडी, पुस्तकांचं कपाट आणि टपावर सोलर. लोक तिला घरगाडी म्हणतात. मी शाळांमधून चमत्कारांमागचं विज्ञान दाखवते. रेश्मा पेडगावची, शेतकऱ्याची लेक, कृषी पदवीधर. ती शेतातल्या मातीची तपासणी करून देते. पाणी, डिझेल, अंघोळ या सगळ्याची सोय लागते. लागत नाही ती इंटरनेटची. दोन कंपन्यांची सिम, एक राउटर, टपावर अँटेना — एवढं करूनही गाडी कुठे लावायची हे आम्ही सावली बघून ठरवत नाही, रेंजच्या दांड्या बघून ठरवतो. "जगात लोक डोंगर बघून मुक्काम करायलेत, आपण टॉवर बघून करायलोय," असं रेश्मा म्हणते.

ही गोष्ट फेब्रुवारीतली. जिंतूर तालुक्यात बोरीच्या पुढे आतल्या बाजूला एक गाव आहे, नाव देत नाही. त्या गावात साध्या फोनला रेंज मिळतच नाही. आमच्या अँटेनाला मात्र बोरीकडच्या टॉवरची चांगली मिळाली, म्हणून मीच म्हणाले, इथेच थांबू. कारण दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला रेश्माची ऑनलाइन मुलाखत होती. बाहेरच्या राज्यातली एक संशोधन संस्था, जमिनीतल्या ओलाव्यावर दोन वर्षांचं काम. आधी दोनदा तिचं नाव शेवटच्या फेरीत गळलं होतं आणि पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. म्हणजे हीच संधी, यानंतर नाही.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास लाइट गेली. थोड्या वेळाने राउटरवरचा हिरवा दिवा लाल झाला. मी अँटेना फिरवली, सिम बदललं, टपावर चढले. काही नाही. बोरीहून आलेल्या एका मोटरसायकलवाल्याने सांगितलं, तिकडं पण सगळं ठप्प हाय, लाइनचं काम चालू हाय. परभणी गाठायला तासाच्या वर लागणार. रेश्मा नवा ड्रेस घालून पलंगावर बसली होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

तेवढ्यात शेळ्या घेऊन चाललेली एक बाई गाडीशी थांबली. गयामावशी. आदल्या दिवशी तिने आम्हाला "गाडीतच ऱ्हाता का? नवऱ्यांनी हाकललं का घरं पडली?" असं विचारून घेतलं होतं.

"काय झालं गं पोरीहो? तोंडं का उतरली?"

मी सांगितलं.

"मंग बारवंत जा की. समदं गाव तिथंच बोलतंय."

"मावशी, बारव म्हणजे जमिनीच्या खाली," मी म्हणाले. "खाली रेंज कशी येईल?"

"ते मला काय इचारती? माझी लेक पुण्याला हाय. रोज चारला तिचा फोन येतो. खालच्या पायरीवर बसल्याबिगर येत न्हाई." तिने कनवटीचा बटणाचा फोन काढून दाखवला. "फकस्त निघताना सांगून निघायचं. 'झालं माझं, या,' म्हणायचं मोठ्यानं."

"कोणाला?"

"बारवंत म्हणायचं. लोक म्हणतेत, आपुन बी म्हणायचं."

"आणि नाही म्हटलं तर?"

मावशी शेळीला हाकलत म्हणाली, "तर मंग तुमचं चालूच ऱ्हातंय."

बारव गावाबाहेर, हरभऱ्याच्या रानाला लागून. काळ्या दगडाच्या पायऱ्या, तळाला हिरवट पाणी. उतरताना हवा गार होत गेली आणि आवाज कमी होत गेले. पाण्याच्या वरच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर रेश्माने फोन बघितला. पूर्ण रेंज. सगळ्या दांड्या भरलेल्या. फक्त कंपनीचं नाव जिथे येतं तिथे काहीच नव्हतं, कोरी जागा. मी तेव्हाच विचारायला हवं होतं, कसा? पण तीन वाजत आले होते.

मुलाखत झाली. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला, फोनचं हॉटस्पॉट लावलं आणि जवळपास तासभर बोलली. एकदाही आवाज तुटला नाही, चित्र थांबलं नाही. पेडगावच्या रानातल्या मातीबद्दल ती असं बोलली की समितीतल्या एक बाई लिहायचं थांबवून नुसत्या ऐकत राहिल्या. मी दोन पायऱ्या वर, श्वास धरून.

संपल्यावर रेश्माने माझ्याकडे बघितलं, हसली आणि म्हणाली, "थांब, ते म्हणायचं राहिलं. झालं मा…"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

हे मी का केलं तेही सांगते. आमच्या घरातल्या बायकांना पूर्वी अशा बारवेच्या पायऱ्या उतरायची मुभा नव्हती. पाणी माणसाचं, त्याला कोणाची परवानगी लागत नाही, हे छापलेल्या पत्रकांच्या घड्या मी घातल्यात. त्याच पायऱ्यांना आता नमस्कार-चमत्कार करू? "तुझं तू मिळवलंस. कोणाचे उपकार नाहीत," मी म्हणाले.

"अगं बाई, भाषण नको. दोन शब्द तर हायेत."

"दोन शब्दांपासूनच सुरू होतं."

ती खुशीत होती, म्हणून ऐकलं. आम्ही वर आलो.

गाडीत येऊन लॅपटॉप उघडला तर कॉल चालूच होता. समिती निघून गेलेली, पडद्यावर काळा चौकोन, माइकची खूण पेटलेली आणि कोपऱ्यात वेळ पुढे सरकत होती. बंद करायचं बटण दाबलं, काही झालं नाही. "हँग झालंय," रेश्मा म्हणाली. बंद करून पुन्हा सुरू केला. कॉल परत आला. फोन तिने पर्समध्ये बंद करून ठेवला होता. राउटरवर लाल दिवा होता. मी राउटरमधलं सिमसुद्धा काढलं. इंटरनेट येत होतं ते कुठून?

मग लॅपटॉपमधून आवाज आला. रिकामं भांडं दगडावर टेकवल्यासारखा. एकदाच.

"आपलंच पातेलं असंल," रेश्मा म्हणाली आणि ओट्यावरचं पातेलं उचलून पलंगावर ठेवलं.

पुन्हा आला. तसाच, हळू. रागाने आपटल्यासारखा नाही. बराच वेळ हातात धरलेली जड वस्तू खाली ठेवावी, तसा.

आम्ही लगेच गाडी काढून परभणीला आलो, माझ्या घरी. रस्ताभर आमच्यापैकी कोणी गाणं लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या संस्थेतून रेश्माला फोन आला. तिथला माणूस सभ्यपणे, पण वैतागून बोलत होता. तुमची मुलाखत आमच्याकडे अजून सुरूच दिसतेय, त्यामुळे गुण चढवता येत नाहीत. आमच्याकडून बंद होत नाहीये, तुम्ही बाहेर पडा. आज संध्याकाळी यादी पुढे जाते. तोवर झालं नाही तर तुमचं नाव वगळून पाठवावं लागेल. आणि शेवटी — मॅडम, तुमच्या घरी सारखं कोण भांडं ठेवतंय? रेकॉर्डिंगमध्ये येतंय.

स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप उघडून बॅटरी बाहेर काढली. मशीन मेलेलं, टेबलावर पडलेलं. रेश्माने संस्थेला फोन लावला.

"अजून आत आहात," तिकडून उत्तर आलं.

रेश्मा तिथेच, दुकानाच्या पायरीवर बसली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "तुझं तत्त्व हाय. पण नाव माझं गळायलंय."

घरी येऊन मी वडिलांना सगळं सांगितलं. ते मटार सोलत बसले होते. मला वाटलं, विचारतील — कसा? मी उत्तरंही जुळवत होते: लांबच्या टॉवरची लहर दगडावरून परावर्तित झाली असेल, सॉफ्टवेअरची चूक असेल. त्यांनी ते विचारलंच नाही.

"निघताना वर बघितलंस का? कोणी होतं?"

"कोणी नव्हतं."

"आमची माय बारवेच्या वर उभी राहायची, रिकामी घागर घेऊन," ते म्हणाले. हात सोलतच होते. "खाली उतरता यायचं नाही. खालच्या बायकांचं झालं की त्यातली एखादी वर तोंड करून ओरडायची, झालं माझं, या. मग हिनं चार पावलं पुढं यायचं आणि कोणीतरी वरून घागरीत पाणी ओतायचं. काही बायका मुद्दाम ओरडायच्याच नाहीत. तशाच निघून जायच्या. माय उन्हात उभी. झालं का नाही, कळायचं कसं?"

"काका, तुमी पण मानायला लागलात का?" रेश्माने विचारलं.

"भूतबीत काही नसतं गं," वडील म्हणाले. "पण मागं कोणी थांबलेलं असलं तर सांगून निघावं. एवढं तर माणूस म्हणून करावं लागतं. जा, सांगून या."

वडिलांची मोटरसायकल घेऊन गेलो. लाइनचं काम संपलेलं होतं, बोरीत सगळ्यांचे फोन वाजत होते. गयामावशी बारवेच्या वरच्या पायरीवर फोन मुठीत धरून बसलेली. शेळ्या हरभऱ्यात घुसलेल्या, तिचं लक्ष नव्हतं.

"कालपासून लेकीचा आवाज न्हाई," ती म्हणाली. "कोणालाच लागंना. तुमी सांगितलं न्हाई ना?"

"नाही," मी म्हणाले.

"शिकलेल्या ना तुमी," ती म्हणाली आणि सरकून वाट दिली.

खाली उतरताना रेश्मा पुढे होती. शेवटच्या पायरीवर तिने बॅटरी बसवून लॅपटॉप उघडला. काळा चौकोन, पेटलेली खूण, सरकणारी वेळ. तिने मोठ्याने म्हटलं, "झालं माझं, या." वेळ सरकतच राहिली. तिने माझ्याकडे बघितलं. काल थांबवलं होतं ते मी.

मी वर तोंड केलं. पायऱ्यांच्या वर आभाळाचा चौकोन होता आणि त्याच्या कडेला गयामावशीचं डोकं. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. मी त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, "झालं आमचं. या. खालीच या."

शेवटचे दोन शब्द कोणी शिकवलेले नव्हते. तोंडातून आपोआप आले.

कॉल तुटला. लॅपटॉपवर साधा पडदा आला, रेश्माच्या शेताचा फोटो. वर मावशीचा फोन वाजला, पहिल्यांदाच वरच्या पायरीवर, आणि ती "बोल गं माझे बाई" म्हणत उठली.

संध्याकाळी रेश्माचे गुण चढले. आठवड्याभराने निवडीची मेल आली. निवडीचा आणि बारवेचा काही संबंध नाही, तिची ती गुणवत्ता आहे, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. बाकीचं काही लिहून देता येत नाही. कंपनीचं नाव नसलेली ती रेंज कुठून येते हे दोन इंजिनियर मित्रांना विचारलं. एकाने गाव विचारलं, दुसऱ्याने विषय बदलला. वडिलांनाही मी शेवटी विचारलं, कसा? ते म्हणाले, माहीत नाही, आणि पत्रकाच्या घड्या घालत बसले.

एक गोष्ट रेश्मालाही सांगितली नव्हती, ती इथेच सांगते. कॉल तुटल्यावर आम्ही वर यायला निघालो. अर्ध्या वाटेत पायरी अरुंद आहे, दोघींना शेजारून जाता येत नाही. रेश्मा पुढे गेली. मी तिथे थांबले आणि भिंतीला चिकटून एका बाजूला सरकले, समोरून कोणी भांडं घेऊन उतरत असलं की आपण सरकतो तशी. क्षणभर दंडाला गार लागलं. मग खाली पाण्यात घागर बुडताना होतो तो आवाज झाला.

मी मागे वळून बघितलं नाही. पाणी भरणाऱ्या बाईकडे टक लावून बघू नये, एवढं मला कळतं.