बाबा गेल्यानंतरची ओरेगॉनची ट्रिप

बाबा नागपुरात वारले, तेव्हा माझा अमेरिकेचा व्हिसा रिन्यूअलमध्ये अडकला होता. भारतात गेलो तर परत कधी येता येईल, हे वकीलही सांगू शकत नव्हता. शेवटी आईच फोनवर म्हणाली, "येऊ नको. इथलं आम्ही बघतो." चुलतभावाने अग्नी दिला. बेलव्ह्यूच्या आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून मी ते व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि मग सिंकमधली भांडी घासली.

पूर्व ओरेगॉनच्या वाळवंटात कॅम्पिंगला जायचं आधीच ठरलं होतं. मी ते कॅन्सल करायला बसलो, तर बायको म्हणाली, "घरात बसून काय करणार आहेस? जाऊ या." मी बरं म्हणालो. तेव्हा मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो.

तिकडे फोनला रेंज नसते. म्हणून जुन्या लॅपटॉपवर कच्च्या रस्त्यांचे नकाशे उतरवून ठेवले होते आणि यूएसबीचा एक जीपीएस रिसीव्हर मागवला होता. काळा, पेढ्याएवढा, गाडीच्या टपावर लोहचुंबकाने चिकटणारा. निघायच्या आदल्या दुपारी तो जोडला, तर नकाशावर आमची जागा दिसेचना. उलट स्क्रीनवरचा बाण आपोआप सैरावैरा पळायला लागला, भलत्याच फायली उघडायला लागला.

"व्हायरस आहे का रे?" बायकोने विचारलं.

"नाही. लॅपटॉपला वाटतंय, हा माउस आहे."

रिसीव्हरकडून येणारे आकडे लॅपटॉप माउसची हालचाल समजून वाचत होता. सेटिंग्जमध्ये जाऊन तो खोटा माउस बंद केला, रिसीव्हर कुठल्या पोर्टला जोडलाय ते नकाशाच्या प्रोग्रामला नीट सांगितलं, आणि आमच्या घरावर निळा ठिपका उमटला. बायकोने टाळ्या वाजवल्या. एरवी असलं काही जमलं की मी दिवसभर खुशीत असतो. त्या दिवशी लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि आडवा झालो.

वाळवंटात गाडी ती चालवत होती. लॅपटॉप माझ्या मांडीवर. दोन्ही बाजूंना करडी झुडपं आणि धूळ. ठिपका एका कोरड्या तळ्याच्या काठी होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो.

"आपण मघापासून त्या तळ्यापाशीच कसे?" तिने विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. बॅटरी वाचवायला लॅपटॉपने यूएसबी बंद करून टाकला होता. वायर काढून परत लावली, तर ठिपका उडी मारून आमच्या रस्त्यापासून पार दक्षिणेला गेला. फाटा केव्हाच चुकला होता.

तिने गाडी थांबवली. "तुला भीती नाही वाटत?"

"नाही."

"मला वाटतेय ना! तू शेजारी आहेस की नाही, तेच कळत नाहीये मला." ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा, हे मला कळत होतं. हात जरा उशिराच उचलला गेला.

मग मी ती बॅटरीची सेटिंग बदलली आणि आम्ही मागे वळलो. दर वळणाला मी मोठ्याने सांगत राहिलो, डावीकडे, सरळ, आता उजवीकडे. उजेड असतानाच कॅम्पवर पोचलो.

परतताना एका पेट्रोल पंपावर रेंज आली. आईला फोन लावला.

"कुठे होता रे? लागत नव्हता फोन."

"वाळवंटात."

"अस्थी सोडल्या काल. रामटेकला. पाणी भरपूर होतं."

"बरं," मी म्हणालो. बायकोने गाडी पंपावरून बाहेर काढली, आणि लॅपटॉप माझ्या मांडीवर असूनही कुठे वळायचं ते तिने मला विचारलं नाही.