तापाचा दिवस कितवा?

ऐंशीच्या दशकात मी नाशिकच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचे. खोलीला एकच खिडकी, तीही फ्रिजमागे गेलेली. आमच्या फॉर्मवर 'तापाचा दिवस कितवा?' असा रकाना होता. त्यात आम्ही सगळे बिनदिक्कत आडवी रेघ मारायचो. विचारत बसायला वेळ कोणाला होता?

एकदा गावाहून माझ्या वडिलांनाच आणलं. सणकून ताप, डोकं ठणकतंय. बैलांच्या कानामागचे गोचीड ते हातानेच वेचायचे आणि नखाने दगडावर चिरडायचे. मी हे सांगितल्यावर डॉक्टरांनी गोचीडतापाची तपासणी लिहून दिली. रक्त मीच काढलं, टेस्टही मीच लावली. गोचीडताप असेल तर नळीच्या तळाशी गुठळ्या जमतात; दुसऱ्या दिवशी नळ्या गढूळच होत्या, गुठळ्या नव्हत्या. 'निगेटिव्ह' लिहिलं, रकान्यात सवयीची रेघ मारली, खाली ऐटीत सही ठोकली.

डॉक्टरांनी पेनिसिलिन सुरू केलं. ताप हटेना. मग तळहातांवर, तळपायांवर लाल पुरळ उठलं. "इंजेक्शनची रिअॅक्शन असेल," डॉक्टर म्हणाले. पण तळहात-तळपायांवर असं पुरळ गोचीडतापातही उठतं. आजाराशी लढायला शरीर जे तयार करतं, तेच आम्ही नळीत शोधतो, आणि ते तयार व्हायला आठवडा तरी जातो. मी रक्त काढलं तेव्हा तापाचा तिसरा दिवस होता. हे तर मी शिकताना घोकलं होतं!

"गोचीडतापच असेल तर?" मी चाचरत विचारलं.

"बाई, रिपोर्ट तुमचाच आहे ना?"

माझ्याच सहीने माझी वाट बंद केली होती. खरं सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर वडील. लाज वाटते सांगायला, पण दोन दिवस मी गप्प बसले. तिकडे ते बरळायला लागले होते.

नवव्या दिवशी कोणाला न विचारता मी सुई घेऊन त्यांच्या खाटेशी गेले. ते जरा शुद्धीवर होते. "पोरी, लय रक्त काढलं. आता नको," असं म्हणत त्यांनी हात मात्र पुढे केला.

दुसऱ्या दिवशी नळ्यांत वर नितळ पाणी आणि तळाशी गुठळ्या. रिपोर्टवर मी ठळक लिहिलं: नववा दिवस.

डॉक्टरांनी तो आकडा पाहिला. "आणि मागच्या वेळी?"

"तिसरा."

 त्यांनी पेनिसिलिन थांबवून गोचीडतापावरचं टेट्रासायक्लिन लिहून दिलं.

तीन दिवसांत वडील उठून बसले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "माझ्या पोरीनं पकडला ताप."

एका दुपारी मी प्रयोगशाळेतलं जुनं रजिस्टर उघडलं. पानामागून पान, निगेटिव्ह आणि शेजारी आडवी रेघ. खाली माझी सही. त्यातलं कोणीही पुन्हा रक्त द्यायला आलेलं नव्हतं, कारण मी कोणाला बोलावलंच नव्हतं.