महूच्या लॅटिनवाल्या

शैलजा खासगीवाले शाळकरी मुलगी असताना महूच्या छावणीत राहायची. वडील लष्कराच्या हिशेब खात्यात होते. शाळेच्या वाटेवर गोऱ्या साहेबांचं जुनं कब्रस्तान लागायचं आणि तिथल्या एका थडग्यावरचा मजकूर तिला छळायचा. अक्षरं इंग्रजीच होती, पण शब्द एकही इंग्रजी नव्हता. वर्गात तिच्या शेजारी बसणारी यशोधरा, म्हणजे सुभेदार लांभात्यांची मुलगी, एक दिवस वैतागून म्हणाली, "इतकी सोचत काय बसतेस? सिस्टरला विचारू ना चल."

शाळेतल्या जोगीण सिस्टर आग्नेस बेल्जियमहून आलेल्या. वय झालेलं, हिंदी मोडकं. त्यांनी मुलींबरोबर कब्रस्तानापर्यंत येऊन ती ओळ वाचली, अर्थ सांगितला आणि विचारलं, "सीखोगी?"

अशा रीतीने महूत दोन मराठी पोरी लॅटिन शिकू लागल्या. शनिवारी दुपारी, कॉन्व्हेंटच्या मागच्या व्हरांड्यात. शैलजाला आजोबांनी घरी 'रामः रामौ रामाः' घोकून घेतलं होतं, त्यामुळे विभक्त्यांचं तिला भय नव्हतं. यशोधराला मात्र घाम फुटायचा. धडा संपला की सिस्टर एका डब्यातून रंगीत कार्डं काढायच्या. युरोपातल्या जुन्या हस्तलिखितांची चित्रं होती ती. निळ्या वेली, सोन्याचा वर्ख, अक्षराच्या पोटात बसलेला एखादा पक्षी. सिस्टर म्हणायच्या, कार्डावर काहीच नाही, खरं पान उजेडात धरलं की सोनं हलतं. शैलजाला रात्री ते हलणारं सोनं स्वप्नात दिसायचं. आपण ते पाहणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

दोघी इंदोरला बी.ए. झाल्या. सिस्टरनी शिफारस केली आणि बेल्जियममधल्या लूव्हनच्या विद्यापीठात हस्तलिखितांचा अभ्यास करायला दोघींनाही शिष्यवृत्ती मिळाली. पासपोर्ट झाले. शैलजाच्या आईने लोकरीचा जाड कोट शिवून घेतला. आणि निघायला थोडे आठवडे राहिले असताना शैलजाची वहिनी बाळंतपणात गेली. मूल जगलं. भाऊ अशोक इंदोरला स्नेहलतागंजच्या घरात भिंतीकडे तोंड करून बसून राहायचा, आईचे गुडघे संधिवाताने धरलेले, आणि ती एवढीशी मुलगी शैलजाच्या कुशीत आली की रडायची थांबायची.

तिला राहा असं कोणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कदाचित भांडून गेली असती.

स्टेशनवर यशोधराला पोचवायला ती बाळाला घेऊन गेली होती. कोट तिने यशोधराच्या खांद्यावर टाकला. "तुला तिकडे लागेल. इथे माझ्याकडे उगाच कसर लागेल त्याला."

"तू पुढच्या साली ये," यशोधरा म्हणाली. "मी कमरा बघून ठेवते."

पुढच्या साली बाळाचे दात आले, त्याच्या पुढच्या साली आई गेली. शैलजा शाळेत संस्कृत शिकवू लागली. पत्रं यायची. यशोधरा लिहायची की आज चारशे वर्षं कोणी न उघडलेलं पुस्तक उघडलं, आज एका लेखनिकाने समासात मांजराला घातलेल्या शिव्या सापडल्या. शैलजा ती पत्रं वाचून कपाटात ठेवायची आणि उत्तरात त्या भाचीच्या, मधुरिमाच्या गोष्टी लिहायची. हळूहळू दोन्हीकडून लिहिणं विरळ झालं, आणि मग कधीतरी थांबलंच. भांडण नव्हतं. एकीच्या पत्रातलं दुसरीला सोसत नव्हतं, इतकंच.

मधुरिमा मोठी झाली, पलासियातल्या एका ऑफिसात लागली, लग्न होऊन जवळच राहू लागली. शैलजा निवृत्त झाली. आयुष्य वाईट गेलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त भाजी निवडताना, रिक्षात बसल्यावर, मनातल्या मनात ती अजून लॅटिन क्रियापदं चालवायची. कोणाशी बोलायचं त्या भाषेत? सिस्टर कधीच गेल्या होत्या.

यंदाच्या हिवाळ्यात मधुरिमाने तिला मोबाइलवर एक पोस्टर पाठवलं आणि लगेच फोन केला. "आत्या, देख ना, अपने इंदोरमध्ये होतंय. युनिव्हर्सिटीत. मध्ययुगीन हस्तलिखितं, युरोपची पण. एकदम तुझ्या टाइपचं."

शैलजाने चष्मा लावून पोस्टर मोठं केलं. प्रमुख वक्त्या, लूव्हनहून, प्रा. यशोधरा लांभाते. फोटोतली बाई पांढऱ्या केसांची होती. शैलजाने ते नाव परत परत वाचलं आणि मग मधुरिमाला सांगितलं की मला न्यायला ये, एकटी जायची नाही मी.

सभागृह बऱ्यापैकी भरलेलं होतं. इतिहासाची मुलं, बाहेरगावहून आलेले प्राध्यापक, बाहेर चहाची टेबलं. शैलजा मागच्या रांगेत बसली. यशोधराला एका प्राध्यापिकेने हात धरून मंचावर आणलं. तिने समोर एकही कागद न ठेवता तासभर भाषण केलं. कातड्याची पानं कशी कमवत, सोन्याचा वर्ख कशावर चिकटवत, युरोपातले मठ आणि आपल्याकडचे पोथीशाळेतले लेखनिक कसे सारख्याच तक्रारी करत. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. शैलजाने भाषण नीट ऐकलंच नाही. ती फक्त आवाज ऐकत होती.

चहाच्या वेळी ती जवळ गेली. यशोधरा खिडकीपाशी एकटी उभी होती.

"यशू."

यशोधराने मान वळवली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या कानाच्या पलीकडे कुठेतरी पाहत राहिली. "शैला? तूच ना? थांब, हलू नको." मग हलकेच म्हणाली, "माझे डोळे खराब झाले गं. मधलं सगळं मिटलं. सीधं तुझ्याकडे पाहिलं की तू नाहीशी होतेस. बाजूला पाहिलं की थोडीशी दिसतेस."

तिचं मराठी चाळीस वर्षांपूर्वीच्या महूतच राहिलं होतं. शैलजाने यशोधराच्या हातातला कप काढून घेतला, कारण तो कलंडत होता.

"वाचता येत नाही?"

"एक अक्षर नाही. तीन वर्षं झाली. जे पाठ आहे ते बोलते."

दुसऱ्या दिवशी कार्यशाळा होती. विद्यापीठाला कोणीतरी भेट दिलेलं एका जुन्या प्रार्थनापुस्तकाचं सुटं पान टेबलावर ठेवलं होतं आणि सगळे भोवती जमले होते. यशोधराने सांगितलं, "हे आज माझी मैत्रीण वाचेल. आम्ही दोघी एकाच व्हरांड्यात शिकलो."

कातड्याच्या पानाला शिवणं शैलजाच्या सोवळ्या घरात कधी कोणी केलं नव्हतं. तिने शिवलं. मग ते खिडकीच्या उजेडात जरा तिरकं धरलं, आणि सोनं हललं.

तिने पान परत तिरकं केलं, सोनं परत हललं. कोणी घाई केली नाही.

मग वाचू लागली. अडखळत, चुकत. तिसऱ्या ओळीत थांबली. "हा शब्द अधुराच आहे, यशू."

"अक्षराच्या डोक्यावर रेघ आहे का बारीकशी?"

"आहे."

"मग तिथे म गिळलाय. जागा वाचवायला. पुढे चल."

ती पुढे गेली. डोळे एकीचे, जाण दुसरीची, असं करत पान संपलं. उच्चार सिस्टर आग्नेसचे होते, फ्लेमिश घशातले, आणि मुलं ते मन लावून ऐकत होती.

संध्याकाळी यशोधरा स्नेहलतागंजला जेवायला आली. मधुरिमाने कढी केली होती. अशोक यशोधराशी थोडं बोलून आत गेला. जेवता जेवता यशोधरा म्हणाली, "माझ्याबरोबर चल. कमरा आहे. तू वाच, मी सांगेन. अजून कितीतरी बाकी आहे तिकडे."

मधुरिमा लगेच म्हणाली, "जा ना आत्या. बाबांकडे मी बघते. तू काही सोच नको."

शैलजाने ताटातली कढी भातात कालवली. तिला जायचं होतं. पण जिला जायचं होतं ती बावीस वर्षांची होती, जिने एका दमात पायऱ्या चढून त्या ग्रंथालयात शिरायचं होतं. ही बाई तिथे गेली तर दर कोपऱ्यावर तिला ती मुलगी भेटेल.

"आता नाही गं," ती म्हणाली. "रागावू नको."

यशोधरा रागावली नाही. तिने चाचपून शैलजाचं मनगट धरलं आणि जेवण होईपर्यंत सोडलं नाही.

आता दर रविवारी संध्याकाळी यशोधराचा व्हिडिओ फोन येतो. तिकडे तेव्हा दुपार असते. लूव्हनचं ग्रंथालय पानांचे फोटो पाठवतं. शैलजा मोठ्या पडद्यावर ते वाचते, यशोधरा गिळलेली अक्षरं सांगते, तिच्याकडची मदतनीस टिपून घेते. दोघींच्या नावाने एक लहानसा लेख छापायला गेला आहे. अशोक त्या लेखाबद्दल आलेल्यागेलेल्याला सांगतो.

मागच्या रविवारी वाचन लवकर आटोपलं. फोन ठेवण्याआधी शैलजा म्हणाली, "यशू, तुझ्या खिडकीतून काय दिसतं?"

"मला? काही नाही. उजेड."

"फोन तिकडे कर जरा."

यशोधराने फोन खिडकीकडे वळवला. विटांची उंच उतरती छपरं, ओला दगडी रस्ता, सायकलवरून जाणारी कोणी मुलगी, मानेभोवती लाल मफलर. ती वळणावर गेली आणि दिसेनाशी झाली. शैलजा खुर्ची पुढे ओढून पाहत राहिली.

"हात दुखतोय माझा," थोड्या वेळाने यशोधरा म्हणाली. "ठेवू?"

"थांब," शैलजा म्हणाली. "अजून जरासं."